विहाराच्या स्लॅबवरची घोरपड

पैनगंगेनं पात्र सोडलं आणि आमच्या लष्करी तुकडीला, कॉलमला, उमरखेड तालुक्यात पूरड्यूटी लागली. मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, हुद्दा नाईक, गाव मुकुटबन. स्वतःच्या जिल्ह्यात वर्दीवर उतरलो, छाती फुगली होती. बोटीवर जोडीदार लान्स नाईक मारुती, सातारचा. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

सकाळी साडेपाचला बोटी पाण्यात, दिवस मावळला की बाहेर. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला एका बुद्धविहाराच्या स्लॅबवर नऊ माणसं, एक शेळी आणि एक घोरपड दिसली. पुढे सत्तरीच्या अनसूयाबाई, कमरेवर हात ठेवून.

"जय भीम. काहून उशीर केला रे बाबू? दोन दिसापासून वाट पाहून राह्यलो आमी."

"बसा माय, लवकर बसा."

मारुतीला घोरपड मागे सोडवेना. "आमच्याकडं हिच्या जोरावर गड चढलेत गड. अन् हिला बुडू देऊ व्हय?"

त्यानं तिला पोत्यात घातलं. पोतं आजीच्या पायाशी ठेवलं. आजी त्याला शिव्या घालत होत्या, सगळ्या बोटीत हसू पिकलं होतं. नऊच्या नऊ माणसं जिवंत! पलीकडे टेकडीवर घोरपड सोडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घोरपडीच्या काखेत गोचिडी लटकलेल्या मी पाहिल्या होत्या. संध्याकाळी एक मारुतीच्या पट्ट्याखाली सापडली. मी शेतकऱ्याचं पोर. बैलाची काढतात तशी ओढली, नखावर चिरडली. आजाऱ्यांच्या नोंदीत, सिक रिपोर्टमध्ये, लिहिली नाही. गोचीड काय लिहायची!

आठवड्यानं मारुती तापला. पुरातला ताप म्हणून औषध सुरू झालं, उतार पडेना. पट्ट्याखाली काळी खपली होती. मला वाटलं, पट्टा घासला. तापाच्या तिसऱ्या दिवशी त्याला नागपूरच्या इस्पितळात हलवलं.

दुसऱ्या सकाळी पूरग्रस्तांच्या कॅम्पात अनसूयाबाई तापानं फणफणलेल्या. घोट्याच्या वर तशीच काळी खपली. पोतं त्यांच्याच पायाशी होतं, डोक्यात लख्ख झालं. मुख्यालयातल्या आमच्या डॉक्टर मॅडमना गाठायला चिखल तुडवत रेडिओ सेटकडे धावलो.

"टायगर कंट्रोल, डॉक्टर मॅडमना द्या. ओव्हर."

"बोला."

"मॅडम, मारुतीला घोरपडीची गोचीड चावली होती. मीच काढली. इथल्या आजीलाही तीच खपली. ओव्हर."

"आधी का नाही सांगितलं?"

"नुसती गोचीड वाटली, मॅडम. आजींना काय देऊ? ओव्हर."

"आजींना आत्ता डॉक्सीच्या गोळ्या सुरू करा. नागपूरला मी कळवते. आउट."

मॅडमनी मागाहून समजावलं. रानातल्या घोरपडी-अजगरांचं रक्त पिणाऱ्या गोचिडीत रोगाचे जंतू असू शकतात. ती माणसाला चावली तर ते त्याच्या रक्तात उतरतात. औषध साधं आहे, पण वेळेत द्यावं लागतं.

दोन दिवसांत आजींचा ताप उतरला. त्यांनी चहा मागितला. मी चक्क उडी मारली! कप घेऊन आलो तर सेटवर निरोप होता. मारुती सकाळी अकरा वाजता गेला. औषध त्याच्यापर्यंत उशिरा पोचलं होतं.

"तो पोत्यावाला पोरगा कुठी हाय रे?" आजींनी विचारलं.

मी कप त्यांच्याजवळ ठेवला.

आता निवृत्त आहे. पावसाळ्याआधी गावोगावच्या शाळांत जातो, गोचीड काढायची कशी, तापात डॉक्टरला सांगायचं काय, ते दाखवतो. सुरुवातीला फळ्यावर तेव्हा न केलेली नोंद लिहितो:

लान्स नाईक मारुती. पट्ट्याखाली गोचीड, एक. काढणारा, मी.