पाचवी गाडी

मिनल धकातेच्या घरातला हातमाग आजोबांबरोबरच थांबला. ती पॉलिटेक्निक शिकली आणि महाल भागातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे ऑपरेटर म्हणून लागली. शिवणकामाच्या कारखान्यात जाणाऱ्या बायांसाठी रोज गाड्या लावायच्या, हे तिचं काम. एका गाडीत बारा बाया. किती गाड्या लागतील ते काढायला तिने स्वतःच सी भाषेत प्रोग्राम लिहिला होता. बायांचा आकडा बाराने भागायचा आणि अपूर्णांक आला तर 'सील' हे फंक्शन वापरून वरचा पूर्ण आकडा घ्यायचा. दोनच बाया उरल्या, तरी त्यांच्यासाठी अख्खी गाडी गेली पाहिजे.

पण स्टॉपवर बाया मागे राहू लागल्या. बाया अठ्ठेचाळीसवरून पन्नास झाल्या, तरी गाड्या चारच. त्यांतल्या सुभद्राबाईंचा तर कामावर दोनदा खाडा झाला.

पाचवी गाडी ड्रायव्हर केशवची. ती लागली नाही की त्याला आराम. मिनलच्या मनात पाल चुकचुकली. यादी निघायच्या वेळी हा कॉम्प्युटरजवळ काहून घुटमळतो? न मागता चहा कशाला आणतो? तिने पासवर्ड बदलला, त्याचा चहा सोडला. सासऱ्याले पाहून येतो म्हणून तो कन्हानला गेला, तर हिने तिथल्या मावसबहिणीला फोन लावून चौकशी केली. तो खरंच म्हाताऱ्याला घेऊन दवाखान्यात बसला होता. तरी संशय हटला नाही. माणूस पक्का आहे, एवढंच तिला वाटलं.

पासवर्ड बदलूनही पन्नास बायांना चारच गाड्या निघाल्या, तेव्हा कुठे तिने आपलाच प्रोग्राम उघडला आणि प्रत्येक पायरीचा आकडा छापून पाहिला. पन्नास आणि बारा दोन्ही पूर्णांक. अशा भागाकारात सी उरलेलं तिथल्या तिथे टाकून देते. सीलच्या हाती पोचत होते नुसते चार; ते वर कुठे नेणार? तिने 12 च्या जागी 12.0 लिहिलं. पाच आले.

मालकाला आणि सुभद्राबाईंना तिने चूक आपली असल्याचं सांगितलं. मग केशवकडे गेली. तो काच पुसत होता.

"कन्हानले फोन केलता ना तुम्ही, ताई? मले समजलं होतं," तो म्हणाला. "मलेच काहून नाही विचारलं?"

तिने नवी यादी त्याच्या हातात दिली.

आता पाचवी गाडी वेळेवर निघते. केशव मात्र यादी हातात आली की आधी सगळी नावं स्वतः मोजतो, आणि मगच किल्ली उचलतो.