‘टोटल’ गाडी

ती मोटरसायकल मुद्देमालाच्या शेडमधून कधीच गेली, माझ्या डोक्यातून मात्र गेलेली नाही. स्वेच्छानिवृत्ती घेण्याआधी दोन वर्षं मी नांदेड जिल्ह्यात, मुखेड-लोहा पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. अस्वस्थ करणारं प्रकरण कोणतं असं कुणी विचारलं, तर मी या गाडीचंच सांगते.

खबर एका गॅरेजवाल्याने दिली. सकाळची हजेरी चालू असताना त्याचा फोन आला.

“मॅडम, एक गाडी आली हाय. डावीकडं ओढती म्हणून आणली. चॅसीचा नंबर पुसून पुन्हा ठोकल्यावानी दिसून राहिला. मी हात लावला न्हाई, आधी तुम्हाला सांगितलं.”

गॅरेजवाले सहसा पोलिसांना फोन करत नाहीत. याच्याकडे वर्षभरापूर्वी चोरीच्या गाडीचे पार्ट सापडले होते. ठाण्याच्या चकरा मारलेला माणूस खबर द्यायला उशीर करत नाही.

गाडीसोबत तिचा मालकही ठाण्यात आला. वय अठ्ठावीस. चेहरा ओळखीचा वाटला. तलाठी म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीसाठी तो चारच दिवसांपूर्वी येऊन गेला होता. त्याची फाइल माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होती. सोमवारपर्यंत अहवाल जायचा होता.

“तलाठी व्हायच्या आधीच पंचनाम्यात आला, मॅडम,” आमचे जुने हवालदार म्हणाले.

नंबर बदललेली गाडी म्हणजे पहिला संशय चोरीचा. स्टेशन डायरीत मी ‘संशयित’ असा शब्द लिहिला आणि त्याला बाकावर बसवलं. त्याच्याकडे नोंदणीचे कागद होते आणि लातूरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याची पावती होती. तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, “मॅडम, गुन्हा लागला तर माझं झालं.”

दुपारी त्याची आई आली. शेतातून तशीच आलेली, हातात विळा.

“जय भीम, बाई. बसवायचं तर बसवा त्याला. पण कशाला बसवलं ते सांगा तरी.”

“चौकशी चालू आहे,” मी म्हणाले. हे उत्तर नसतं, हे तिलाही कळत होतं. ती व्हरांड्यात जाऊन बसली.

पुढच्या दोन दिवसांत मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली आणि विमा कंपनीचं उत्तर आलं. गाडी चोरीची नव्हती. किल्लारीजवळ ती ट्रकखाली गेली होती. दुरुस्तीलायक नाही म्हणून कंपनीने ती ‘टोटल लॉस’ ठरवली, मूळ मालकाला भरपाई दिली आणि सांगाडा लिलावात विकला. तो घेतला लातूरच्या त्याच विक्रेत्याने. नोंदणी रद्द व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. इंजिन मूळचंच होतं. हँडलखालची चॅसी कापून दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडला होता आणि त्यावर जुना नंबर हाताने ठोकला होता. जोडाला केसाएवढी चीर गेली होती. “खड्ड्यात जोरात आदळली असती तर हँडल हातात आलं असतं,” निरीक्षक म्हणाले.

आता आरोपी विक्रेता आणि फिर्यादी हा तरुण, असं सरळ दिसत होतं. विक्रेत्याला बोलावलं. तो पांढऱ्या शर्टात, अगदी निवांत आला.

“मी कुठं लपवलं, मॅडम? टोटल गाडी हाय म्हणून तोंडानं सांगितलं, पावतीवर लिवून दिलं. खाली सही हाय बघा त्याची.”

पावतीवर खरंच होतं. ‘सदर गाडी टोटल असून घेणार यांनी पाहून पसंत केली आहे.’

मी तरुणाला समोर उभं केलं. “टोटल म्हणजे तू काय समजलास?”

“पूर्ण, मॅडम. काहीच कमी न्हाई असं. मी म्हणलो गाडी लई भारी दिसती, तर हे म्हणले, हाव, टोटल हाय.”

“एवढा शिकलेला माणूस,” विक्रेता म्हणाला, “उद्या लोकांचे सातबारे लिवणार, अन् याला टोटल कळंना?”

त्या पावतीप्रमाणे तरुणाने सगळं माहीत असून गाडी घेतली होती. म्हणजे तो फिर्यादी राहत नव्हता, आरोपींच्या रांगेत जात होता.

मला खुर्चीत बसवेना. आवारात फिरता फिरता दिसेल त्याला मी विचारलं, टोटल म्हणजे काय? कारकून म्हणाला, बेरीज. चहावाला म्हणाला, सगळं. हवालदार म्हणाले, “पूर्ण. दुसरं काय असतंय?” मोडून गेलेली गाडी, असं एकानेही सांगितलं नाही. पण चहावाल्याच्या मतावर न्यायालय चालत नाही.

शनिवारी मी पंच घेऊन लातूरला त्याच्या दुकानाची झडती घेतली. पावतीपुस्तकांच्या कार्बनप्रती एकेक करून वाचल्या. उदगीरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकलेल्या गाडीच्या पावतीवर लिहिलं होतं, ‘टोटल लॉस’. पुढच्याच पानावर साधं गिऱ्हाईक होतं. तिथे नुसतं ‘टोटल’. पुढे तेच. व्यापारी असला की दोन शब्द, गिऱ्हाईक असलं की एक. या तरुणाखेरीज अशी आणखी सहा गिऱ्हाइकं निघाली.

दोन प्रती शेजारीशेजारी ठेवून मी विक्रेत्याला विचारलं, “गिऱ्हाईक आलं की हा दुसरा शब्द कुठं जातो?”

त्याने पाणी मागितलं.

“व्यापाऱ्याला पूर्ण लिवावं लागतं, मॅडम. न्हाईतर तो गाडी परत आणून आदळतो.”

“आणि गिऱ्हाइकाला?”

“त्याला पूर्ण लिवलं तर तो गाडी नेतच न्हाई.”

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. कार्बन टिकतो. मी पुस्तकं जप्त केली आणि त्याच दिवशी तरुणाची फिर्याद नोंदवली. सोमवारी त्याच्या फाइलवर ‘गुन्हा दाखल नाही’ असं लिहून सही केली. तो रुजू झाला.

फिर्याद देऊन झाल्यावर ठाण्यातून जाताना त्याच्या आईने विचारलं होतं, “मग कशाला बसवलं होतं त्याला?” या वेळी मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एका शब्दासाठी व्हय,” आणि एसटी गाठायला निघून गेली.

तिचं बोलणं मला दोन्हीकडून लागलं. स्टेशन डायरीत मीही एकच शब्द लिहिला होता. संशयित. कशाचा, कशावरून, काही नाही. डायरीतलं खोडता येत नाही, तो शब्द तिथे अजून आहे. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी नेमाने विचारत असे, या शब्दाचा अर्थ तुम्ही काय धरता? माणसं गोंधळायची, मग खरं बोलायची.

त्या सहापैकी चार गाड्या आम्ही शोधून रस्त्यावरून काढल्या. दोन सापडल्या नाहीत. एका पावतीवर नाव अर्धवट होतं, दुसरीवर पत्ता म्हणून नुसतं ‘रा. लोहा’.

आजही बाजारात मोटरसायकल उभी दिसली की मी हँडलखाली वाकून बघते. गाडीवाला येतो आणि विचारतो, “काय झालं, मावशी?”

“काही नाही,” मी म्हणते. “गाडी कुठून घेतली?”