तीन कॅन समुद्र

बुद्धवंदनेला सगळे उभे राहिले तेव्हा नवरदेवाची जागा रिकामी होती. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात वऱ्हाडातून वऱ्हाड येण्याची ही पहिलीच वेळ. दोन दिवसांचा प्रवास करून आलेली माणसं, त्यांची बोली निम्मी आम्हाला कळत नव्हती, आणि त्यात नवरदेवच नाहीसा. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. पोरगी पसंत नाही म्हणून पळाला, असं माझ्या एका मावशीनं मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगून टाकलं.

शेवटी माझ्या भावाला तो सापडला. ओहोटी लागली होती, खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे कातळ, उघडी पडली होती, आणि नवरदेव फेटा एका दगडावर ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एका डबक्यावर वाकला होता. भावानं दंडाला धरून आणलं. लग्न लागलं. लग्नानंतर माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य असं होतं: "तुमच्या इथं दगडावर एक फूल हाय, त्याले बोट लावलं का ते मिटते. त्याले काय म्हंतात?"

मी म्हटलं, आम्ही त्याला काही म्हणत नाही. तिथून चालताना पायात चप्पल घालतो, एवढंच.

वाशीमच्या एका हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, पुढं मीही म्हणू लागले. मूळ घर किन्हीराजाचं, तिथं सासू आणि थोडी शेती. त्यानं समुद्र त्या दिवसापर्यंत नकाशातच निळा रंगवलेला पाहिला होता. मी मात्र समुद्रापासून सुटले म्हणून मनातून खूश होते. सुकत घातलेल्या मासळीचा वास नाही, मे महिन्यातला घाम नाही. वाशीमला आल्यावर पहिले दोन महिने मी कोरड्या हवेत केस वाळवण्याचा आनंद घेत होते.

मास्तरच्या डोक्यातून ते डबकं जाईना. दीड वर्षानं, दिवाळीच्या सुटीत माहेरी जायचं ठरलं, तेव्हा त्यानं सांगितलं की येताना आपण थोडा समुद्र घेऊन येऊ. मला त्याची आठवण येत असेल, असं कारण दिलं. मला आठवण येत नाही, असं मी दोनदा सांगितलं. पण टाकी तोवर तयार होती. वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट, दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढीच उंच. चार बाजूंनी काचा, सांध्यांना डांबर. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं, म्हणून आतूनही डांबराचा हात. घरात महिनाभर रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास होता.

माहेरी पोचल्यावर मास्तर रोज ओहोटीला खडपात. आईला वाटलं जावई कालवं काढतोय, तिनं वाटण करून ठेवलं. तो परत आला तो झाकणाच्या डब्यात पट्ट्यापट्ट्यांचे बोटाएवढे दोन मासे, शंखात राहणारे चार खेकडे, दगडासकट उचललेली ती दोन फुलं आणि हाताच्या पंजाएवढा एक दगड घेऊन. त्या दगडावर रुपयाएवढं तपकिरी, खरबरीत काहीतरी होतं. ते जिवंत पोवळं आहे, असं त्यानं आम्हाला सांगितलं. आईनं डब्यात डोकावून पाहिलं आणि वाटण पाट्यावरून उचलून ठेवलं.

आमच्याकडे वीस लिटरचे चार प्लास्टिकचे कॅन होते. तीन टाकीसाठी, एक राखीव. एसटी, मग मिरज, पुणं, मनमाड, पूर्णा, आणि तिथून वाशीमची गाडी. डब्यातल्या जिवांना हवा लागते, म्हणून मास्तरनं सायकलचा पंप आणला होता. अर्ध्या अर्ध्या तासानं तो नळी पाण्यात सोडून हवा मारायचा. समोरची माणसं आमच्याकडे बघायची, मी खिडकीकडे बघायचे. मनमाडच्या पुढं तिकीट तपासनीस आला आणि त्यानं कॅनमध्ये काय आहे असं विचारलं.

मास्तर म्हणाला, "समुद्र."

तपासनिसानं झाकण काढलं, वास घेतला. पेट्रोल नाही, रॉकेल नाही, दारू नाही. त्याच्याजवळच्या पुस्तकात खाऱ्या पाण्याला आकार लावायची सोय नसावी. मग तो आमच्या बाकावरच टेकला आणि मास्तरनं त्याला पोवळं कसं वाढतं ते परभणीपर्यंत समजावून सांगितलं. उतरताना त्यानं माझ्याकडे जे पाहिलं, त्यात दया होती.

बहात्तरचा दुष्काळ संपून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. वाशीमच्या स्टेशनवरून टांग्यात कॅन चढवले तेव्हा कुणीतरी विचारलं, पाणी कुठून आणलं. रत्नागिरीहून, असं मास्तरनं सांगितलं. पाणी गोड आहे का, तर नाही, खारट. ही बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. लोक पाणी पाणी करत होते तेव्हा हा माणूस कुठं होता, आणि आता आणलं तेही खारट, यावर दोन दिवस चर्चा झाली. मग एकेक जण बघायला यायला लागला.

माशांपेक्षा त्यांना पाण्यात जास्त रस होता. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, हे प्रत्येकाला स्वतः ठरवायचं होतं. जो येई तो टाकीत बोट बुडवी आणि चाटे. आठवडाभरात मासे कोपऱ्यात दबून बसले. शेवटी मास्तरनं राखीव कॅनमधलं पाणी एका वाटीत काढून दाराशी ठेवलं, चाखणाऱ्यांनी तिथंच चाखावं म्हणून. शेजारचे एक कारकून रोज कोर्टात जाताना थेंबभर चाखून जात. पोट साफ राहतं, असं त्यांचं म्हणणं.

कारकुनांच्या बायकोला मात्र पोवळं पाहिजे होतं. त्यांच्या मुलीला मंगळ होता, आणि सोनाराकडचं पोवळं नकली निघालं होतं. आमचं डोळ्यांदेखत जिवंत. तिनं एवढासा तुकडा मागितला. मास्तरनं तिला पाऊण तास समजावलं की हा प्राणी आहे, ह्याला तोंड आहे, ह्याचा आकाशातल्या ग्रहाशी संबंध नाही, आणि आमच्या घरात तर ग्रह कुणी मानतच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग जिवंत आहे तर अंगठीत बसवल्यावर त्याला खायला काय घालायचं, असं विचारलं. मास्तर पाणी प्यायला आत निघून गेला.

पाण्याचा खारेपणा मोजायला यंत्र पाहिजे होतं. मास्तरचा एक मित्र दूध संकलन केंद्रावर होता, त्याच्याकडून दुधात पाणी घातलंय का ते बघायची काचेची नळी मिळाली. समुद्राच्या पाण्यातही ती तशीच तरंगते. आमच्या टाकीत ती पंचविसाच्या खुणेपर्यंत बुडायची. मास्तर ती नळी धुऊन खिडकीत उभी करून ठेवायचा. खिडकी ओसरीवर, आणि ओसरीवर रोज सकाळी दूधवाला. मला काहीच माहीत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की त्या महिन्यात दुधावर भाकरीएवढी जाड साय धरायला लागली. मी म्हशीला श्रेय देत होते. एक दिवस दूधवाल्यानं मला बाजूला घेऊन, खिडकीतल्या नळीकडे बघत विचारलं, मास्तरीनबाई, मास्तरले माह्यावर कोनी लावून देलं काय. मी खरं सांगून टाकणार होते, पण तेवढ्यात हातातल्या पातेल्याकडे लक्ष गेलं. मी ते घेऊन आत गेले. ते दूध आम्ही जवळजवळ सहा महिने प्यालो.

संक्रांतीनंतर सासूबाई किन्हीराजाहून आल्या. त्यांनी टाकीसमोर बसून सगळं नीट पाहिलं. मग मला म्हणाल्या, "काय वं, इतकुश्या मासोयीले कायले रांधतं? जराशी वाढू दे." हे रांधायचं नाहीच, असं कळल्यावर त्या दोन दिवस मुलाशी बोलल्या नाहीत. रेल्वेनं आणलेलं, टाकीत ठेवलेलं, रोज सुका जवळा कुटून खायला घातलेलं, आणि खायचं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जवळ्याची चिमूट त्या फुलावर टाकली. फुलानं पाकळ्या मिटून ती गिळली. सासूबाई मागं सरकल्या, मग पुढं आल्या, मग आणखी एक चिमूट टाकली. त्या चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्या राहिल्याच. शेतातल्या तुरीचं काय, असं मास्तरनं विचारलं, तर तूर काही पळून जात नाही म्हणाल्या. एका खेकड्यानं शंख बदलला त्या दिवशी तर त्यांनी स्वयंपाकाला हात लावला नाही. उघडाच्या उघडा बाहेर आला अन् दुसऱ्या घरात घुसला, हे त्या येईल त्याला सांगत राहिल्या. भाडेकरूची अशी सोय आपल्यात पाहिजे होती, असंही.

टाकीत हवा सोडायला विजेचा छोटा पंप बसवला होता, वीज गेली की तो बंद पडे. त्यासाठी मास्तरनं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली होती. ती सायकलच्या पंपानं फुगवायची, तोंडाला सलाइनची नळी, नळीला चिमटा. हवा तासभर थेंबाथेंबानं टाकीत जाई. मास्तर शाळेत आणि मी चुलीशी, म्हणून पंप मारायचं काम सासूबाईंकडे आलं. त्या ओसरीवर बसून पदर खोचून हवा भरत. एकदा एक सायकलवाला थांबला आणि मागच्या चाकात भर म्हणाला. त्यांनी भरली. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. मास्तर शाळेतून येईपर्यंत ओसरीसमोर पाच सायकली उभ्या होत्या.

मार्च लागला आणि टाकीतलं पाणी रोज बोटभर उतरू लागलं. मास्तर राखीव कॅनमधलं समुद्राचं पाणी घालून ते भरून काढी. तरी खेकडे शंखातून बाहेर येईनात, फुलं आखडून बोराएवढी झाली. नळी तिसाच्या खुणेवर येऊन तरंगू लागली, मग बत्तिसाच्या. मास्तर पुस्तकं चाळत बसला. मी दोन दिवस बघितलं आणि मग म्हटलं, "पाणी उडतं, मीठ उडत नाही. आमच्याकडे मिठागरात हेच करतात. तुम्ही घरात मीठ पिकवताय. गोडं पाणी घाला."

विज्ञानाच्या मास्तरला हे सातवी शिकलेल्या बायकोनं सांगावं, ते त्याला लागलं. समुद्रात विहिरीचं पाणी कोण घालतं, असं काहीतरी म्हणाला आणि शाळेत निघून गेला. संध्याकाळी मी चुलीवर वाटीभर टाकीतलं पाणी ठेवलं होतं. पाणी आटलं, तळाशी पांढरा थर राहिला. मी ती वाटी त्याच्या ताटाजवळ ठेवली. त्यानं ती उचलून पाहिली, बोटानं थर खरवडला, आणि जेवण अर्धवट सोडून टाकीतलं थोडं पाणी काढून त्या जागी उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी तांब्या तांब्यानं घालायला लागला. चार दिवसांत नळी पंचविसावर आली. पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गातल्या मुली घरी आल्या आणि मला म्हणाल्या, सरांनी आज बाष्पीभवन शिकवलं, अन् हे माह्या बायकोनं मले शिकवलं असं सांगतलं. मी त्यांना चहा केला. साय घालून.

एप्रिलच्या उन्हाशी मात्र आमचं काही चालेना. ओली पोती, वाळ्याचा पडदा, माठाच्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडणं, सगळं झालं. सासूबाई हातपंख्यानं टाकीला वारा घालत, स्वतःला नाही. आधी पोवळं पांढरं पडलं. मास्तर म्हणाला ते परत रंगावर येईल, पण ते आलं नाही. मग एक मासा तरंगताना दिसला. सासूबाईंनी तो लिंबाखाली पुरला आणि दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"लेकरा, सून मी तिच्या गावाहून आनली, ते तिच्या मर्जीनं आली. ह्यायले कोनी इचारलं व्हतं? नेऊन सोड. मी बी येतो संगं."

मास्तरनं मान खाली घातली आणि हो म्हणाला. शाळेची परीक्षा संपायची वाट न बघता त्यानं आठ दिवसांची रजा टाकली. कारण विचारल्यावर अर्जात काय लिहिलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. दिवसा गाडीचा डबा तापतो, म्हणून डब्याला ओला टॉवेल गुंडाळला आणि सासूबाईंनी मांडीवरून तो सोडला नाही. पंप आळीपाळीनं तिघांनी मारला. मीही मारला, आणि समोरच्यांकडे बघत मारला.

एक मासा, तीन खेकडे आणि दोन्ही फुलं जिवंत पोचली. ओहोटीला मास्तरनं त्यांना त्याच डबक्यात सोडलं. मासा क्षणभर तसाच उभा राहिला आणि दगडाखाली गेला. मास्तर कितीतरी वेळ वाकून बघत होता. तो परत वर येईल असं त्याला वाटत असावं. मी त्याच्या शेजारी पाण्यात उभी राहिले. लहानपणापासून त्या खडपात चालले होते, पण एका जागी उभं राहून खाली बघितलं ते त्या दिवशी. त्यातलं निम्मं मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.

सासूबाई माझ्या माहेरी चार दिवसांसाठी आल्या होत्या. त्या एकवीस दिवस राहिल्या. त्यांचं वऱ्हाडी माझ्या आईला कळत नव्हतं, आईचं बोलणं त्यांना, तरी दोघी सकाळपासून अंगणात मासळी वाळवत बोलत असत. मास्तर रजा संपल्यावर एकटा परत गेला. आम्ही दोघी मे महिन्यात निघालो तेव्हा त्यांच्याजवळ सुकटीचं एक भलंमोठं गाठोडं होतं. मनमाडपासून आमचा बाक आम्हाला दोघींनाच मिळाला. गावाकडे वाटायला आहे, अशी त्यांनी मला वाटेत तीनदा ग्वाही दिली. किन्हीराजाला पोचेपर्यंत त्यातलं निम्मं आमच्याच घरात राहिलं होतं, आणि मास्तर, जो सहा महिने एका माशाला हात लावू देत नव्हता, तो ते भाकरीबरोबर मागून मागून खात होता.