महादू विशेने चार्जर निवडला

महादू विशेने मुरबाड-कल्याण रस्त्यावर तीस वर्षं शेअरची जीप चालवली. सोळा माणसं, दोन बकऱ्या आणि लग्नातलं एक कपाट कुठे कसं बसवायचं, हे तो स्टँडवर उभ्या उभ्या ठरवायचा. पण स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की त्याचं गाडं अडायचं. बाजारात तो एकेक बादली उलटी करून टिचक्या मारायचा, आवाज ऐकायचा आणि "पुढच्या बाजारी बघू" म्हणून रिकाम्या हाताने घरी यायचा. लग्नाआधी त्याने चौदा मुली बघितल्या. पंधरावी धोंडूबाई. तिने चहाचा कप हातात देतानाच विचारलं, "पसंत हाय का नाय ते आताच सांगा. मला नाचणी कापायला जायचंय." तो दचकून हो म्हणाला.

साठी उलटली तेव्हा क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. त्याने जीप विकली आणि क्लचच नसलेली छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. गाडी झटकन आली, कारण धोंडूबाई सोबत होती. "लाल," म्हणाली आणि विषय संपला. घरी बसवायचा चार्जर निवडणं मात्र शोरूमवाल्यांनी महादूवर सोपवलं, आणि इथेच घोळ झाला.

दोन महिने झाले तरी चार्जर ठरेना. तोवर गाडी शहापूरजवळ हायवेवरच्या हॉटेलात चार्ज व्हायची आणि ती होईपर्यंत महादू मिसळ खात बसायचा. पँट कमरेला बसेना, तेव्हा धोंडूबाईने निक्षून सांगितलं, "आता चार्जर आणा, नायतर बैल आणा."

अडचण होती गोठ्याची. डोळखांबच्या अलीकडे, ओढ्याच्या खोलगट अंगाला त्यांचा जुना गोठा होता. गुरं गेली, गाडी आली. वर पत्रा, तीन बाजूंना कूड, चौथी बाजू उघडी. पौषात तिथे असा गारठा पडतो की सकाळी पत्र्यावरून पाणी ठिबकत असतं.

"हा उणे वीस डिग्रीपर्यंत चालतो, काका," शोरूममधली कुणाली माहितीपत्रकावर बोट ठेवून म्हणाली. "बर्फातसुद्धा."

"बर्फ कुठंय आमच्याकडं? आमच्याकडं गारठा हाय. गारठ्यात चालतो का, ते बोल."

"काका, बर्फ म्हणजे गारठाच ना?"

"नाय पोरी. बर्फ वरून पडतो. आमचा गारठा खालनं येतो."

कुणालीने आत जाऊन साहेबांना विचारलं. साहेबांनी तेच माहितीपत्रक परत पाठवलं.

मग महादूने स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो गोठ्यात गेला, चार्जर जिथे लागणार होता तिथे कुडाला पाठ लावून उभा राहिला. कानटोपी काढून ठेवली, कारण चार्जरला कानटोपी नसते. तासाभराने धोंडूबाई पाणी तापवायला लाकडं घ्यायला आली.

"अगो बाय! काय करताय हितं?"

"मी चार्जर हाय," दात वाजवत महादू म्हणाला.

धोंडूबाईने त्याला नीट न्याहाळलं. "मंग चार्जर, ही लाकडं घ्या आन चुलीपाशी चला."

पुढे तीन दिवस चार्जर शिंकत होता.

सर्दी उतरली तशी कुणाली एक मोठा आणि एक बारका असे दोन चार्जर घेऊन घरीच आली. मोठा भिंतीवरचा होता, मोबाइलवरून चालू-बंद होणारा. पण गोठ्यात नेटवर्क नाही. नेटवर्क मिळतं ते वर पाण्याच्या टाकीपाशी. म्हणून कुणाली टाकीपाशी गेली, महादू गोठ्यात थांबला आणि धोंडूबाई मध्ये बांधावर उभी राहून निरोप पोहोचवू लागली.

"झाला का चालू?" वरून कुणाली.

"झाला का चालू?" बांधावरून धोंडूबाई.

"नाय!" खालून महादू.

असं अकरा वेळा झालं. अख्खा पाडा बांधावर जमला. शेजारच्या ठमीने तर शेंगा भाजून आणल्या. बाराव्या वेळी चार्जरवर दिवा लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तोच खालच्या गिरणीवाल्याने दळण घातलं. घराघरातले बल्ब मंदावले, चार्जरने तांबडा डोळा उघडला आणि तो गप्प झाला.

आता वायरमन साईनाथला बोलवावं लागलं. त्याने मीटर बघितला, वायर बघितली आणि मग महादूकडे बघितलं.

"मामा, तुमचं कनेक्शन केवढं, हा चार्जर केवढा! दिवसाला किती चालवता गाडी?"

महादूने मान खाजवली. "डोळखांब. दोन-चार दिवसांनी मुरबाडला भावाकडं."

"मग बारका घ्या. साध्या पंधरा अँपियरच्या प्लगचा. रात्रभर लावला की सकाळी गाडी भरलेली. फक्त अर्थिंग नवीन घालू."

"आन गारठा?"

"गारठा चार्जरला नाय लागत, बॅटरीला लागतो. बाहेरनं आलात की लगेच लावा, बॅटरी गरम असते तोवर. केबल तेवढी नरम बघा, पहाटे ताठ होते."

केबल बघायची म्हटल्यावर महादूला हुरूप आला. त्याने ती कमरेला, मग खांद्यावरून, मग मानेभोवती गुंडाळून पाहिली. नरम होती, पण टोक सापडेना. कुणाली आणि साईनाथने दोन बाजूंनी फिरवून त्याला सोडवलं.

"घेतो," धापा टाकत महादू म्हणाला. कुणालीला इतका आनंद झाला की तिने धोंडूबाईला मिठीच मारली.

मग चार्जर कुडाच्या खांबावर नेमका कुठे ठोकायचा, हा प्रश्न आला. महादूने खडूने सात फुल्या मारल्या आणि लांब जाऊन डोळा बारीक करून बघत बसला. धोंडूबाईने साईनाथच्या हातातला हातोडा घेतला, खिळा धरला आणि ठोकला. "हितं."

तिथेच चार्जर बसला. अर्थिंगचा खड्डा झाला, मीठ-कोळसा पडला, आणि संध्याकाळी डोळखांबहून आल्याआल्या महादूने प्लग लावला. हिरवा दिवा लागला. सकाळी गाडी पूर्ण भरलेली होती.

दोघं मुरबाडला गेली. भावाने सहज विचारलं, "चार्जर कंचा घेतलास रे?"

महादूने चप्पल काढली, मांडी घातली आणि बादल्यांपासून नव्हे, पण गारठ्यापासून सुरुवात केली. जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी तो अजून टाकीपर्यंतच पोहोचला होता. तोवर धोंडूबाई भावजयीबरोबर बाजार करून, दोन नव्या साड्या घेऊन परत आली.