चुकीच्या कागदावर सही नाही

माझ्या थोरल्याच्या मुंजीची पत्रिका मी स्वतः लिहून छापायला दिली आणि तीत माझ्याच नावात चूक राहिली. आमचं घराणं गायकवाडी पागेतलं. वाडवडिलांनी घोडे सांभाळले, आणि लिहिलं असेल तेवढं मोडीत. तिथं ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही. पत्रिका वाटून झाल्या, कुणी काही बोललं नाही. मुंजीच्या दिवशी मात्र शेजारचे बळवंतराव आले, बटूच्या हातात रुपया ठेवला आणि माझ्या हातात माझीच पत्रिका, लाल शाईनं रंगलेली.

"सात चुका, गोपाळराव. बाकी जिलबी उत्तम आहे."

बळवंतराव सरकारी कचेरीत मसुदे तपासायचे. कारकुनाचा कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे, आणि एखादा काना कमी असला तरी परत येई. "चुकीच्या कागदावर मी सही करत नाही," हे वाक्य अख्ख्या कचेरीला पाठ होतं. पेन्शन झाली, पण लाल दऊत काही वाळली नाही. वाण्याची पाटी, देवळातली सूचना, कुणाचं खुशालीचं पत्र, काही सुटायचं नाही. लोक आधी हसले, मग चिडले आणि शेवटी त्यांना चिठ्ठी पाठवायचंच थांबले. सत्यनारायणाचं बोलावणंसुद्धा तोंडी जाई, तेही दारातूनच.

त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. रोज टपालाच्या वेळी ते ओट्यावर येऊन बसत. टपालवाला लांबूनच रिकामा हात हलवी, "काका, आजे कशुं नथी!"

"नथी तर नथी," म्हणत ते आत जात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर.

एका दुपारी ते आमच्याकडे आले. एरवी ते उंबऱ्यातूनच बोलत. त्या दिवशी पाटावर बसले.

"गोपाळराव, बायको माहेरी गेली की तुम्ही तिला पत्र लिहिता?"

"लिहितो की."

"इतक्या चुका असून ती वाचते?"

"वाचते, आणि परतही येते," मी म्हणालो. आतून बांगड्या वाजल्या.

ते हसले नाहीत. मग त्यांनी दुर्गाचं सांगितलं. दुर्गा त्यांची एकुलती एक मुलगी, रतलामला दिलेली. तिचं पत्र आलं की ते चुका दुरुस्त करून तेच पत्र परत टपालात टाकत. लहानपणी पाटी तपासून देत, तसंच. त्यांच्या लेखी हेच उत्तर. तीही कधी रागावली नाही. मग एका पावसाळ्यात तिचं तान्हं मूल गेलं. तिनं कळवलं. तेही पत्र तसंच परत गेलं, लाल होऊन. त्याला चार वर्षं झाली होती. रतलामहून पुन्हा कागद आला नव्हता.

"मी लिहायला बसलो की कचेरी लिहिते," ते म्हणाले. "तुम्ही लिहा. मी सांगतो."

मी टाक घेतला. त्यांनी सुरुवात केली, "पत्र पावले. मजकूर ध्यानात आला."

"बळवंतराव, मुलगी आहे ती. सुभेदार नव्हे."

त्यांनी मला नवा कागद घ्यायला लावला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लिहा. मूल गेल्याचं मी वाचलं होतं. तेव्हा काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून हातानं नेहमीचं काम केलं. एकदा ये."

मी लिहून कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांची बोटं सवयीनं पानावरून फिरायला लागली, एका ओळीपाशी थांबली, दुसरीपाशी थांबली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"जाऊ दे असंच."

"सही करता?"

"सही नको. चुकीच्या कागदावर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खाली त्यांचं नावही मीच लिहिलं.

पत्र मी टपालात टाकलं. पुढं दोन महिने ते ओट्यावर बसले, पण रतलामहून काही आलं नाही. थंडी पडली, त्यांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. अग्नी करजण गावच्या त्यांच्या पुतण्यानं दिला.

तारेनं कळवल्यावर दुर्गा आली. दहाव्याला आमच्या घरी येऊन तिनं ते पत्र माझ्यापुढं धरलं. "काका, हे तुमचं अक्षर ना?"

"हो."

"मला वाटलं, आबांची दया येऊन तुम्ही आपल्याच मनानं लिहिलंत. आबा असा कागद घराबाहेर जाऊ देतील? आणि खाली सहीसुद्धा त्यांच्या हातची नाही."

"शब्द न् शब्द त्यांचा आहे, बाळ. चुका त्यांनी पाहिल्या होत्या. तरी जाऊ दे म्हणाले."

"वाचलं होतं, असं म्हणाले?"

"म्हणाले."

तिनं पत्राची पुन्हा घडी घातली आणि प्यायला पाणी मागितलं.

ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "माझ्या अशुद्धानं घात केला गं. पागेतल्या माणसानं टाक हातात धरूच नये."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या अशुद्धाचं काय घेऊन बसलात? चार वर्षं इथून रतलामची गाडी रोज सुटत होती."