आखाजीची साडी आणि इपोहचा फ्लॅट

इपोहच्या फ्लॅटचं उत्तर मी आखाजीपर्यंत अडवून ठेवलं होतं.

माझा नवरा अँथनी मूळचा मलेशियातल्या इपोह गावचा. पुण्यात शिकायला आला आणि माझ्यामुळे इथेच राहिला. आता निवृत्तीनंतर त्याला आपल्या माणसांत परतायचंय. त्याच्या बहिणीने फ्लॅट शोधून ठेवलाय. आठवा मजला, समोर चुनखडीचे डोंगर. अडचण एकच, तिथल्या वकिलाने सांगितलेली. परक्या देशाच्या बायकोचं नाव घरावर लावायचं तर सरकारी परवानगी लागते, आणि घरही ठरावीक किमतीच्या वरचं लागतं. आमच्या ऐपतीतला फ्लॅट त्या किमतीत बसत नाही. म्हणजे घर त्याच्या एकट्याच्या नावावर.

अँथनी म्हणाला, "शालू, तू ठरव. तुला नको असेल तर नाही घ्यायचा."

नको म्हणायला माझ्याकडे एक जागा होती. शहाद्याजवळच्या आमच्या गावी घराशेजारी रिकामा तुकडा आहे, मधोमध निंब. वडील जाण्याआधी म्हणाले होते, "पोरी, निंबखालनी जागा तुन्ही." कागदावर अजून आम्हा भावंडांची, दोघांचीही नावं होती. तिथे दोन खोल्या बांधायच्या, आणि वर्षातले निदान सहा महिने आम्ही दोघांनी तिथे राहायचं, असं मी मनात कधीचं रचलं होतं.

आणि नेमका दादाचा फोन आला. "अक्का, यंदा आखाजीले येजो. वाट देखस."

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी यावीच लागते. मला कित्येक वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. मी इतकी हरखले की फोनवरच इपोहच्या फ्लॅटचं सांगून टाकलं, फुशारकीने, आठव्या मजल्यासकट.

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची गाडी धरून दुपारी धुळं गाठा. तिथून दोंडाईचामार्गे शहाद्याची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे. पाणी भरपूर घ्या, एप्रिल अखेरीचं ऊन थट्टा नाही. माझी एसटी धुळ्याच्या स्टँडवर तापत उभी होती. मी पदराने वारा घेत होते, तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडी चालनी तरच हवा लागस. आनि गाडी भरनी तरच चालस." मागून कुणीतरी ओरडलं, "मंग तू उतर ना भो, एक जागा मोकळी व्हई!"

सारंगखेड्याला तापीचा पूल आला तशी मी खिडकीला नाक लावलं. लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला येताना हा पूल आला की मी बूट-मोजे काढून टाकायची. सिस्टर्सनी शिकवलेलं सगळं पुलाअलीकडे राहायचं. पलीकडे केळीच्या बागा, उसाच्या गाड्या आणि स्टँडवर उभे वडील.

या वेळी स्टँडवर भाच्याने मोटार पाठवली होती. एसी लावलेली.

घरी वहिनीने पायांवर पाणी घातलं. मी चुलीकडे वळले तर म्हणाली, "अक्का, तुम्ही बठा. माहेरले उन्यात, कामले हात लावू नका." मला बाटलीतलं पाणी दिलं, घरचे सगळे माठातलं पीत होते. तेव्हा मला ते लाडच वाटले.

आखाजीचा दिवस मात्र मी कुणालाही सांगेन, एकदा पाहाच. सकाळी पितरांची घागर पुजली, वर आंबा ठेवला. अंगणात उलट्या खापरावर वहिनी पुरणाचे मांडे टाकत होती, हातांवर झुलवून झुलवून ताटाएवढे. आमरस, कुरडया, झणझणीत रस्सी म्हणजे कटाची आमटी. मी दोन मांडे खाल्ले आणि तिसऱ्याला नको म्हणाले नाही. निंबाला झोका बांधला होता. भाच्या गाणी म्हणत झोके घेत होत्या. मीही बसले. पाय जमिनीवरून सुटले तसं मी तिथल्या तिथे ठरवलं, की फ्लॅट नको. स्वयंपाकघर पूर्वेला, झोका आहे तिथेच.

दुपारी दादाने मला पाटावर बसवलं. भाऊबंद जमले होते. वहिनीने कुंकू लावलं आणि दादाने साडी पुढे केली. जांभळी, जरीकाठी, चांगली भारी. मी ती डोळ्यांना लावली आणि रडू आवरेना. थोरले काका म्हणाले, "चला, हाई बरं झायं. अक्कानं मन मोठं करं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

संध्याकाळी मी दादाजवळ दोन खोल्यांचा विषय काढला.

"चार लोकेसमोर साडी लिधी ना तू? मंग आते काय बोलस?"

"दादा, ती आखाजीची साडी ना?"

उत्तर वहिनीने दिलं. "आखाजीनी साडी इतली भारी ऱ्हास का, अक्का?"

ती हक्कसोडीची साडी होती. बहिणीने चारचौघांत ती घेतली म्हणजे वाटा भावाला सोडला. मग कचेरीतली सही राहते ती नावापुरती. आमच्या घराण्यात ही रीत भाच्यांनाही ठाऊक आहे. मला नव्हती. मी सहाव्या वर्षापासून बोर्डिंगात होते, मला टेबलावर काटा कुठल्या बाजूला ठेवायचा ते ठाऊक आहे.

"तुम्ही तथा फ्लॅट ली ऱ्हायनात," दादा म्हणाला. "आठव्या मजलावर. आठे कसाले दोन खोल्या?"

माझंच वाक्य होतं, मजल्यासकट.

दुसऱ्या दिवशी मी सातपुड्यातल्या मोलगीला जाते म्हणून निघाले. दादा सहीसाठी कचेरीला चल म्हणत होता, ते टाळायचं एवढंच मनात होतं. शहाद्याहून धडगावला एसटी, पुढे जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत जाऊ नका. सातपुडा या दिवसांत उघडाबोडका असतो, सागाची पानं झडलेली, घाटात धूळ. मोलगीचा बाजार होता. डोंगरातल्या बायका आमचूर विकायला बसल्या होत्या, ढीगच्या ढीग, वास पार जीपपर्यंत. माझ्या बोर्डिंगच्या ट्रंकेत वडील इथलंच आमचूर घालायचे. मी पिशवीभर घेतलं. परतताना जीपवाल्याने दोघांना मागे हलवलं. "पाहुण्या बाई, तुम्ही पुढे बसा." जाईन तिथे मला पुढची सीट मिळत होती.

सोमवारी शहाद्याच्या कचेरीत मी सही केली. अंगठा, फोटो, सगळं. का केली, असं पुण्याच्या मैत्रिणी विचारतात. नसती केली तर पुढच्या आखाजीला फोन आला नसता. आता केली, आणि पुढच्या आखाजीला मी इपोहला असणार.

बाहेर दादाने उसाचा रस पाजला. बर्फ कमी घालायला सांगितलं, लहानपणी माझा घसा धरायचा ते त्याच्या लक्षात होतं. माझी पिशवी एसटीत चढवली. "हाई घर तुन्हंच शे, अक्का. कवय बी ये." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते ते तसंच होतं. पूल आला तेव्हा मी खिडकीच्या पडद्यामागे डोळे मिटून बसले होते.

घरी अँथनीला म्हटलं, "घे फ्लॅट." त्याने चहा केला. मग म्हणाला, "बाल्कनीत तुझ्यासाठी झोका टांगू." त्याने लगेच बहिणीला मेसेज केला. तासाभरात उत्तर आलं. इमारतीचा नियम आहे, छताला भोक पाडता येत नाही. पायांवर उभा राहणारा झोका मिळतो, दुकानात.

आमचूर बरणीत भरलंय. साडीला अजून फॉल लावलेला नाही.

तुम्ही आखाजीला खानदेशात जरूर जा. मांडे खा, झोका घ्या, उन्हाचं जपा. आणि माहेर तिकडचं असेल, भावाने साडी पुढे केली, तर हात पुढे करण्याआधी एवढं विचारून घ्या, की दादा, ही कशाची?