दार लावून फोडणी

आमच्या घराला चाकं आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणाला आमची कीव यायला नको. कीव करावी असं त्यात काही नाही. ते घर मी स्वतः सांगून, भांडून, माझ्या पगारातून बांधून घेतलंय.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, जत्रांमधून हळद-कुंकू, कवड्यांच्या माळा आणि जोगव्याच्या परड्या विकतात. आई, म्हणजे अव्वा, लग्न झाल्यापासून त्यांच्याबरोबर फिरते. आमचं गाव नळदुर्गच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. त्यामुळं घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. हिशेब मराठीत, भांडण कन्नडमध्ये. तुळजापूरचं नवरात्र झालं की नळदुर्ग, मग येरमाळा, मग सोलापूरकडच्या जत्रा, असं वर्ष जातं. मी शाळा शिकले मामाकडं राहून आणि कॉलेज केलं उमरग्याला हॉस्टेलात राहून. आमच्या भावकीत बी.एस्सी. झालेली मी पहिली. आता दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हे सांगताना माझी मान ताठ होते आणि ती मी वाकवणार नाही.

जत्रेत बाईमाणसाचा स्वयंपाक कसा चालतो हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना सांगते. दुकानाच्या मागं तीन दगड मांडायचे. पदर डोक्यावरून ओढून, रस्त्याकडं पाठ करून बसायचं. तरी येणारा-जाणारा भांड्यात डोकावतोच. "काय शिजवताव मावशी? नुसतंच वरण व्हय?" आज आमच्या भांड्यात काय आहे आणि काय नाही, हे सगळ्या जत्रेला ठाऊक असायचं. एकदा तुळजापुरात एक पिलेला गडी तव्यावरची भाकरी उचलून चालता झाला आणि बघणारे हसले. अव्वानं दुसरी भाकरी थापली. त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "मला एकदा दार लावून सैपाक करायचाय बघ."

बाकी काही मागितलं नाही तिनं कधी. साडी नाही, सोनं नाही. दार मागितलं.

म्हणून नोकरी पक्की झाल्यावर मी सोलापूरच्या एका कारखान्यातून अप्पांच्या पिकअपच्या मागं जोडायचं घर करून घेतलं. कारखानदार त्याला ट्रेलर म्हणायचा, आमच्याकडं सगळे 'डबा' म्हणतात. आत झोपायला दोन फळ्या, माल ठेवायला खालती कप्पे, आणि एका कोपऱ्यात अव्वाचा ओटा. ओट्यावर दोन शेगड्यांचा गॅस, त्यावर चिमणी. चिमणी हवीच, असं मी ठणकावून सांगितलं होतं. चिमणी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं काय येतं? साखर कारखान्याची, वीटभट्टीची. खालून धूर शिरतो, वरून आभाळात जातो. आमच्या भागात चिमणी या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. असला तर तो पाखराचा, नाहीतर रॉकेलच्या दिव्याचा.

डबा आला आणि तुळजापूरच्या यात्रा मैदानाच्या कडेला उभा राहिला. अव्वानं ओट्याला हळद-कुंकू वाहिलं, आत गेली आणि दार लावलं. मी आणि अप्पा बाहेर उभे. आतून तवा तापल्याचा आवाज आला, चिमणीचा पंखा सुरू झाल्याची घरघर आली. अव्वा ठेचा करत होती. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, वरून तेल. मग एकदम खोकला. दार धाडकन उघडलं आणि अव्वा बाहेर आली, डोळ्यांना पाणी, पदर तोंडावर. मागून ठसक्याचे लोटच्या लोट. अप्पा चार पावलं मागं सरकले.

अव्वाला श्वास घेता आला आणि तिनं आधी विनोद केला, ही तिची खोड. कन्नडमध्ये धुराला होगे म्हणतात. आणि बाईला 'जा गं' म्हणायचं तरी होगेच, फक्त 'हो' जरा लांबवायचा. ती डब्याकडं हात करून म्हणाली, "होगे म्हणलं, होगे म्हणलं, तरी जाईना की गं ही भवानी!"

अप्पा हसले. मी नाही हसले.

शेजारच्या दुकानावर माझे काका होते, अप्पांचे धाकटे भाऊ. त्यांचंही कुंकवाचंच दुकान. जत्रेत दोघांची दुकानं कायम लागून असतात. ते तिथूनच ओरडले, "काय गं सायबीण! आईला डब्यात कोंडून धुरी देतीस व्हय? डासाला देतेत तशी?"

"डास तरी उडून जातेत काका," मी म्हणाले, "तुम्ही कुठं जाताय?"

आजूबाजूचे हसले. पण अव्वानं गॅसची टाकी, तवा, पातेलं, सगळं उचललं आणि डब्याच्या मागं बाहेर मांडलं. रस्त्याकडं पाठ करून बसली. अप्पा म्हणाले, "असू दे. आजवर भायेरच केलंय की." अव्वा म्हणाली, "साकु, साकु." पुरे झालं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला राग आला.

मी आत गेले, पंखा सुरू केला आणि दुकानातली एक उदबत्ती पेटवून चिमणीखाली धरली. धूर सुरसुर वर गेला. वा, म्हटलं, ओढतेय तर खरं. मग हात वर नेला. चिमणीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला बारीक फटी होत्या, आणि तोच धूर त्या फटींतून निवांत बाहेर येऊन माझ्या तोंडावर आला. पेटी उघडून पाहिलं. एक जाळी, त्यामागं कोळशाचा काळा पापुद्रा, त्यामागं पंखा, आणि मागं सलग पत्रा. बाहेर जायला वाटच नव्हती. धूर घ्यायचा, गाळल्यासारखं करायचं आणि तुमचा तुम्हाला परत द्यायचा. ह्याला चिमणी म्हणून विकलं होतं.

पुढच्या सुट्टीला आम्ही डबा जोडून सोलापूर गाठलं. कारखानदार चांगला माणूस होता, खुर्ची दिली, चहा दिला आणि मग समजूत काढायला लागला.

"मॅडम, हे मॉडेल पुण्या-मुंबईची माणसं घेतात. एकाचीही तक्रार नाही."

"ते फोडणी देतात का आत?"

"छे हो. चहा करतात, नूडल्स करतात. जेवायला हॉटेलात जातात."

"मग त्यांना चिमणी कशाला लागते?"

तो हसला. "शोभेला म्हणा. तुम्ही एक करा, मिरची जरा कमी घाला. नाहीतर फोडणी तेवढी बाहेर द्या आणि आत आणून ओता."

हा सल्ला मी फार वेळा ऐकलाय, वेगवेगळ्या शब्दांत. हॉस्टेलात भाषा जरा सुधारा, नोकरीत नाव जरा आखूड करा, आता मिरची जरा कमी घाला. दरवेळी आम्हीच जरा काहीतरी करायचं. मी त्याला म्हणाले, "आमची मिरची आहे तेवढीच पडणार. तुमचा पत्रा कापा."

"पत्रा कापला की गॅरंटी संपली."

"कशाची गॅरंटी? ठसक्याची? ती तर आहेच."

तो अप्पांकडं वळला, पुरुष माणूस समजून घेईल म्हणून. "काका, तुम्ही तरी सांगा. भोक पाडलं तर पाणी येईल, धूळ येईल, गाडी सडेल."

अप्पा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. ते म्हणाले, "तिलाच इचारा. म्या चौथीपत्तुर गेलेलो." आणि चहा पीत राहिले. मला तेव्हा वाटलं होतं की त्यांनी हात झटकले. आता वाटतं, त्यांनी मला गाडी सोपवली होती.

मी कागद घेतला आणि काढून दाखवलं. छताला भोक नको, पाणी येईल हे बरोबर. चिमणीच्या मागच्याच भिंतीला भोक पाडायचं, पंख्यापासून पत्र्याची नळी थेट त्यातून बाहेर. नळी आखूड, कुठं वळण नाही, कारण पंखा छोटा, बॅटरीवरचा. बाहेरच्या तोंडाला झडप. पंखा लागला की उघडेल, नाहीतर बंद. आणि झडपेला कडी, म्हणजे रस्त्यावर धूळ आत यायची नाही. माथ्यावरच्या त्या फटी पत्रा ठोकून बंद.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "लिहून द्या, की तुमच्या जबाबदारीवर." मी तिथल्या तिथं सही केली, मोठी, पूर्ण नावाची.

भोक पडलं. नळी बसली. मी दार लावून घेतलं, आतून उदबत्ती धरली. धूर गेला, पण मरगळल्यासारखा. निम्मा आतच रेंगाळला. बाहेरून कारखानदाराचा आवाज आला, "काय मॅडम, मी सांगत होतो ना?"

मी उदबत्ती तशीच धरून इकडंतिकडं पाहिलं. मग डोकं चाललं. दार बंद, खिडक्या बंद, नवा कोरा डबा, सगळ्या फटी रबरानं बुजवलेल्या. आतली हवा बाहेर जायची तर बाहेरची आत यायला नको का? तोंडाला लावून रिकामी बाटली ओढून बघा, ओढवत नाही. मी दाराजवळची खालची खिडकी बोटभर सरकवली. उदबत्तीचा धूर दोरी ओढल्यासारखा सरळ झाला आणि चिमणीत गेला.

दार उघडून मी म्हणाले, "अजून एक भोक. दाराच्या खालच्या अंगाला. जाळी लावून."

"अजून एक?" तो जवळजवळ किंचाळला.

अप्पा खो-खो हसायला लागले. "कापा हो," ते म्हणाले, "आता एक काय आन् दोन काय."

मग नळदुर्गची जत्रा आली. मी रजा काढून गेले. डबा लागला, अप्पांचं दुकान पुढं लागलं, आणि डाव्या अंगाला, नेहमीप्रमाणं अगदी खेटून, काकांचं. डब्याची झडप डाव्याच भिंतीला. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा अव्वानं दार लावून घेतलेलं होतं आणि तवा तापलेला होता.

पंखा घरघरला. झडप टपकन उघडली. आतून खोकल्याचा आवाज नाही. बाहेर मात्र काकांनी एक मोठी शिंक दिली, मग दुसरी, मग त्यांच्या दुकानापुढं माळा बघत उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून पुढं सरकल्या. काका डोळे पुसत आले.

"आरं दादा, हे काय चाललंय? माझं गिऱ्हाईक पळालं की!"

"येसराची आमटी दिसतीय," अप्पा भाजलेल्या मसाल्या-पिठाचा तो वास घेत म्हणाले. "फोडणी बसली जणू."

"फोडणी आत बसली, न् ठसका मला! वैनी! ओ वैनी! दार उघडा! भायेर या न् तीन दगडावर करा, आजवर केलं तसं! लई शिकलेल्याचं ऐकू नका!"

माणसं जमली. जत्रेत भांडणाला गिऱ्हाइकापेक्षा लवकर माणूस मिळतो. शेजारचा बांगडीवाला म्हणाला, "बरोबर हाय त्याचं, डबा तरी फिरवा." कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसानं आत कोंडून काय सैपाक करायचा असतो?" माझ्याजवळ भोकाचं उत्तर होतं, माणसांचं नव्हतं. डबा फिरवायचा तर चुलीवरचं सगळं उतरवावं लागणार, दार उघडावं लागणार. मी दाराशी गेले आणि थाप मारली.

"अव्वा, जरा उघड."

"न्हाई."

"काका ओरडायलेत. माणसं गोळा झालीत."

"ऐकू येतंय मला. भाकरी तव्यावर हाय."

"मग काय सांगू त्यांना?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. थाप, थाप, थाप. मग अव्वा बोलली, एवढ्या मोठ्यानं की रस्त्यापर्यंत गेलं. ज्या बाईला मी जन्मभर साकु म्हणताना ऐकलं, तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"भाऊजीला म्हणावं, दुकान चार हात सरकवा. जागा हाय पलीकडं. माझी चूल इथनं हलणार न्हाई."

काकांनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी काकांच्या तंबूचा खांब धरला आणि म्हणाले, "चल, धर तिकडनं." काका पुटपुटत, शिंकत, दुसरा खांब धरून सरकले. बांगडीवाला हात लावायला आला. मी कुंकवाच्या परातींवर फडकं धरून चालले, वारा होता.

सगळं लागल्यावर मी परत दाराशी आले. म्हटलं, "अव्वा, सरकलं दुकान. आता मला तरी आत घे."

"तू बी भायेर ऱ्हा," ती म्हणाली. "झालं की हाक मारते."

मी पायरीवर बसले. माझ्या घराच्या, माझ्या पगाराच्या पायरीवर, दाराबाहेर. पंखा बंद झाला, झडप मिटली. आत भांड्यांचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. अप्पा येऊन शेजारी बसले. काका लांबून विचारत होते, "झालं का वैनी? भूक लागली की!"

कडी निघाली. अव्वा दारात उभी होती. कपाळाला घाम, पण डोळे कोरडे. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. आत ओट्याच्या कडेला एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

जत्रेत अव्वा कायम शेवटी जेवायची, सगळ्यांचं उरकल्यावर, रस्त्याकडं पाठ करून, घाईघाईनं. अप्पांनी त्या ताटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मी जेवले," अव्वा म्हणाली. "गरम गरम. आता तुमी बसा."